शेवटच्या रांगेतला हात

गेल्या महिन्यात एका स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर, एका निविदेच्या आणि हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीच्या मध्ये, कमल पगारे यांच्या निधनाची बातमी छापून आली. बातमीत त्यांना 'वीरमाता' म्हटले होते, 'हौशी कलावंत' म्हटले होते, आणि शेवटी एक वाक्य जोडले होते: 'ऐन स्पर्धेत संवाद विसरल्यामुळे त्यांचे अभिनयाचे पारितोषिक हुकले होते, ही आठवण रंगकर्मी आजही सांगतात.' पहिले विशेषण त्यांनी हयातीत नाकारले होते. दुसरे अपुरे आहे. तिसरे विधान असत्य आहे, आणि ते असत्य असल्याचा माझ्या माहितीतला एकमेव जिवंत साक्षीदार मी आहे.

मी त्याच दिवशी संपादकांना पत्र लिहिले. ते छापले गेले नाही. स्मरणपत्र लिहिले. त्यावर एका उपसंपादकाचा दूरध्वनी आला, "काका, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय एवढं?" जुन्या गोष्टीचे काय, हे विचारणाऱ्या माणसाला मुदतीचा कायदा शिकवता येतो, लाज शिकवता येत नाही. सबब हे सविस्तर लिहीत आहे.

मी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात वकिली केली. नाटकाशी माझा संबंध अर्ज लिहिण्यापुरता. आमच्या एका हौशी नाट्यसंस्थेला सभागृहाचे आरक्षण, करमणूक कराची सूट, संहितेची परवानगी अशा कामांसाठी फुकट वकील हवा होता आणि मला भांडायला कारण हवे होते. कमलताई त्या संस्थेत होत्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, इंदिरानगरात दोन खोल्यांचे घर, पती लवकर गेलेले, मिलिंद हा एकुलता एक मुलगा. उंचीने कमी, आवाजाने जाड. रस्त्यात भेटल्या तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नसते.

त्यांची एक रीत होती. तालीम कोठेही असो, शाळेच्या हॉलमध्ये असो की नाट्यगृहात, त्या एका माणसाला सर्वांत मागच्या रांगेत बसवत. त्याने काही बोलायचे नाही. शब्द स्पष्ट ऐकू आला की उजवा हात वर करायचा, ऐकू आला नाही की खाली घ्यायचा. हात खाली गेला की त्या वाक्य पहिल्यापासून घेत. दिग्दर्शक देवरे सर वैतागत. "ताई, भाव महत्त्वाचा, आवाज नंतर बघू." ताईंचे उत्तर ठरलेले, "सर, भाव पहिल्या रांगेला दिसतो. तिकडं सोफ्यावर पासवाले बसतात. तिकीट काढून आलेला माणूस मागं बसतो." हे हात वर करण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे येई, कारण मला दुसरे काही येत नव्हते.

मला त्या 'वकीलसाहेब' म्हणत, आणि त्या संबोधनात आदर किती आणि चेष्टा किती याचा निवाडा मला कधी करता आला नाही. एकदा मी पथदिव्यांच्या प्रश्नावर लिहिलेले पत्र त्यांना वाचून दाखवले. शांतपणे ऐकून म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचा राग फार शुद्ध भाषेत असतो. म्हणून त्याला कोणी घाबरत नाही."

दुसरी रीत तोफांची. वाऱ्याची दिशा अनुकूल असली की देवळालीच्या बाजूने लष्कराच्या सरावाचे आवाज आमच्या तालमीपर्यंत येत आणि हॉलच्या काचा थरथरत. बाकीचे बोलत राहत. कमलताई थांबत. काचा शांत होईपर्यंत तोंड मिटून उभ्या राहत आणि मग तुटलेले वाक्य तुटले तेथूनच उचलत. मिलिंद लष्करात भरती झाल्यावर हे थांबणे किंचित लांबले, एवढेच माझ्या लक्षात आले.

ज्या नाटकावरून हा सारा मजकूर लिहावा लागत आहे, त्याचे नाव 'रुदनबंदी'. लेखन देवरे सरांचेच. हे मूळचे सटाण्याकडचे, महाविद्यालयात इतिहास शिकवणारे, रागावले की एरवीची प्राध्यापकी मराठी सोडून थेट अहिराणीत उतरणारे गृहस्थ. नाटकातले शहर वेढ्यात सापडलेले आहे. नदीपलीकडे शत्रूचा तळ. शहराच्या सेनापतीने हुकूम काढला आहे की कोणत्याही घरातून रडण्याचा आवाज येता कामा नये. कारण रात्री शत्रू पलीकडून रडणे ऐकतो आणि आपली किती माणसे मेली याचा हिशेब करतो. दारोदार पहारेकरी. मुलगा मारला गेलेली एक बाई शेवटच्या अंकात त्या सेनापतीसमोर येते. मुलगा परत मागत नाही, नुकसानभरपाई मागत नाही. एकदा मोठ्याने रडण्याची परवानगी मागते. तो हसतो, मग समजावतो, मग धमकावतो, आणि अखेर ती एक दीर्घ स्वगत बोलते. ते संपते तेव्हा सेनापती ओरडतो, "घेऊन जा हिला!" आणि काळोख होतो.

सेनापतीचे काम शिरीष करत असे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीप्रमुख. पहिली पाळी संपवून एसटीने यायचा, त्यामुळे आमच्या जुलमी सेनापतीच्या हाताला कायम यंत्राच्या तेलाचा वास असे. स्वभावाने अत्यंत भित्रा. "ताई, तुम्ही असं रोखून बघता ना," तो म्हणायचा, "मला घरी जाऊन बायकोची माफी मागावीशी वाटते. काही केलेलं नसताना!"

"काही केलं नसेल तर माफी कशाची?" ताई म्हणत. "आधी काहीतरी कर."

आमच्याकडे नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी तपासून घ्यावी लागते, हे वाचकांना ठाऊक असेलच. पानापानावर शिक्का पडतो, आणि जे खोडले ते रंगमंचावर बोलता येत नाही. आम्ही 'रुदनबंदी' पाठवले तो उन्हाळा सीमेवरच्या लढाईचा होता. संहिता परत आली ती शेवटचे स्वगत संपूर्ण खोडून. शेरा असा की सदर उतारा 'सद्यःस्थितीत मनोधैर्यास बाधक' आहे. देवरे सरांनी ते पान टेबलावर आपटले. "हाई काय शे? काय शे हाई?"

मी विचारले, कोणाच्या मनोधैर्यास? कोणत्या नियमान्वये? काल्पनिक शहराच्या काल्पनिक सेनापतीविरुद्ध बोललेल्या शब्दांनी प्रत्यक्षातील कोणाचे धैर्य खचते, आणि खचत असेल तर त्या व्यक्तीने स्वतःला त्या सेनापतीत का ओळखले? हे सर्व मी पत्रात लिहिले. उत्तर नाही. पुन्हा लिहिले. सुनावणी मागितली. त्या पत्रव्यवहारात मी जितका आनंदी होतो तितका क्वचितच झालो असेन, हे प्रांजळपणे नमूद करतो.

तालमी स्वगताशिवाय चालू राहिल्या. देवरे सरांनी त्या जागी पार्श्वसंगीत सुचवले. ताई म्हणाल्या, "रडायला बंदी आहे म्हणून गाणं म्हणू का?"

आणि मग पावसाळ्यात मिलिंद गेला.

तो लढाईत गेला नाही. ट्रक चालवत होता. रसद घेऊन जाताना रस्ता खचला आणि गाडी दरीत पडली. पेटी आली ती सीलबंद. उघडू नये अशी सूचना होती. मी त्या सूचनेची लेखी प्रत मागितली आणि सोबतच्या सुभेदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी आयुष्यात प्रथमच एक मागणी अर्धवट सोडून दिली. विहारातल्या भन्तेंनी वंदना घेतली. कमलताई पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. वस्तीतल्या बायका म्हणत होत्या, "ताई, रडा हो, मोकळ्या व्हा." त्या ऐकत होत्या, एवढेच.

नंतर त्या वस्तीच्या मैदानावर सत्कार ठरला. पाहुणे म्हणून एक नेते येणार होते. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. आदल्या दिवशी त्यांचा एक कार्यकर्ता, कमरेला पेजर लावलेला, ताईंच्या घरी आला. मी तेथेच होतो. त्याने एक कागद पुढे केला.

"ताई, फक्त दोन ओळी बोलायच्या. 'मला आणखी एक मुलगा असता, तर तोही मी देशाला दिला असता.' बास. साहेबांना फार आवडेल."

ताईंनी कागद वाचला. पाठांतर करताना त्या ओठ हलवत, तसे हलवले.

"बाळ, हे वाक्य कुणी लिहिलं?"

"ऑफिसातल्या एका मुलानं, ताई. चांगलं लिहितो तो."

"त्याला मुलं किती?"

तो गोंधळला. "त्याचं… लग्न व्हायचंय अजून."

"होऊ दे आधी." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "मी पाठ करते ते नाटकाचं. चहा घेणार?"

दारात चपला घालताना तो पुन्हा वळला. खरोखर काळजीने बोलला, म्हणूनच ते अधिक भयंकर वाटले. "आणि ताई, उद्या स्टेजवर रडू नका हं. वीरमाता रडत नाहीत. फोटोत पण चांगलं दिसत नाही."

मी उठलो. काय बोलणार होतो ते आठवत नाही, पण कलमासह बोलणार होतो. ताईंनी हाताने मला खाली बसवले.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर गेल्या, व्यासपीठावर गेल्या नाहीत. खाली सतरंजीवर बायकांत बसल्या. ध्वनिक्षेपकावरून 'वीरमाता कमलताई पगारे' हे नाव पुन्हा पुन्हा पुकारले जात होते आणि वर एक हार घातलेली खुर्ची रिकामी होती. शेजारची बाई म्हणाली, "ताई, तुम्हालाच बोलावतायत." ताई म्हणाल्या, "आवाज पोचतोय चांगला."

मी या प्रकारावर एक जळजळीत पत्र लिहिले, त्यांचे नाव घालून. ते मात्र छापून आले. ताई माझ्या घरी आल्या, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "माझ्या मुलावर लिहायचं असेल तर आधी मला वाचून दाखवायचं." एवढे बोलून गेल्या.

देवरे सर प्रयोग रद्द करण्याच्या विचारात होते. एका संध्याकाळी आम्ही सारे हॉलमध्ये तेच ठरवायला जमलो असताना त्या डबा आणि पाण्याची बाटली घेऊन नेहमीच्या वेळी आत आल्या. "तालीम का थांबली?" शिरीष डोळे पुसत उभा राहिला आणि सेनापतीच्या जागी गेला. त्या संध्याकाळी देवळालीचा सराव चालू होता. तोफ झाली, काचा थरथरल्या. आम्ही सवयीने ताईंकडे पाहिले. त्या थांबल्या नाहीत. तोफेतूनच बोलत राहिल्या, आणि मागच्या रांगेत मला एक शब्द ऐकू आला नाही. मी हात खाली घेतला. त्यांनी तो पाहिला. वाक्य पुन्हा घेतले नाही. पुढे सरकल्या. त्या दिवसापासून तोफेसाठी त्या कधीही थांबल्या नाहीत.

स्पर्धेच्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी माझ्या हातात संहिता तपासणाऱ्यांचे उत्तर आले. स्वगत पूर्ववत बोलण्यास परवानगी. शिक्का, सही, जावक क्रमांक, सोबत स्वगताचे मंजूर पान. लढाई संपून महिने लोटले होते आणि बहुधा आता कोणाचेच मनोधैर्य शिल्लक नसावे. मी रिक्षाने नाट्यगृह गाठले. रंगमंचावर सुतार खिळे ठोकत होते. कमलताई कडेला खुर्चीवर बसून साडीला फॉल लावत होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी वाचले. "तुम्ही परवानगी आणलीत," त्या म्हणाल्या. मग दोरा तोडत, "ती बाईसुद्धा परवानगीच मागायला गेली होती, नाही का?"

मला त्या क्षणी तो प्रश्न कळला नाही. आजही तो संपूर्ण कळला आहे असा माझा दावा नाही.

"जा, मागं बसा," त्या म्हणाल्या.

सुतारांना त्यांनी थोडे थांबायला सांगितले. मी रिकाम्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. त्या मंचाच्या मध्यावर आल्या आणि ते संपूर्ण स्वगत बोलल्या. 'सेनापती, माझ्या दाराशी तुमचा पहारेकरी उभा आहे' येथपासून शेवटच्या शब्दापर्यंत. महिनोन्महिने खोडलेले, तालमीत कधी न घेतलेले. एक अक्षर पुढेमागे नाही, एक श्वास चुकीच्या जागी नाही. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. तो फुटलेला आवाजही माझ्यापर्यंत पोचला. माझा हात पहिल्या शब्दाला वर गेला होता तो मी खाली घ्यायला विसरलो. हातोडी धरलेला सुतार भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता हे पान बापूंना द्या."

बापू आमचे प्रॉम्प्टर. टपाल खात्यातून निवृत्त, तोंडात सदैव लवंग. विंगेत स्टुलावर बसून नटाला अडले तर शब्द पुरवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांचा नियम असा की नट थांबला तर आधी पहिला शब्द द्यावा. त्याने उचलला नाही तर वाक्य द्यावे. तरीही नाही तर पुढचे द्यावे, पण रंगमंच रिकामा पडू देऊ नये. मी परवानगीचे पान त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते संहितेत लावून घेतले.

प्रयोग भरलेला होता. शेवटचा अंक आला. शिरीषने धमकावले. मग ती जागा आली आणि कमलताई काहीच बोलल्या नाहीत.

शिरीषकडे पाहत उभ्या राहिल्या. मी विंगेत बापूंच्या मागे उभा होतो. बापूंनी थोडी वाट पाहिली आणि हलकेच शब्द टाकला, "सेनापती." काही नाही. "सेनापती, माझ्या दाराशी." काही नाही. बापूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी आवाज किंचित वाढवला आणि वाक्य पूर्ण केले. मग पुढचे. मग पुढचे. ताईंची मान हलली नाही, पापणी हलली नाही. त्या म्हाताऱ्याच्या लवंगेने जड झालेल्या कुजबुजीतून ते सारे स्वगत, मुलगा, पहारेकरी, नदी, एकेक वाक्य काळोखातून येत राहिले, जणू ती बाई आधीच मेली होती आणि तिचे बोलणे मागे राहून गेले होते. प्रेक्षागृहात कोणी खोकलेही नाही.

शिरीष अडकला होता. स्वगताचा शेवटचा शब्द ऐकल्याशिवाय त्याचे वाक्य येत नव्हते. त्याने मला नंतर सांगितले, "काका, तिच्याकडं बघवत नव्हतं आणि नजर काढायची सोय नव्हती." बापूंनी शेवटचा शब्द दिला. शिरीषने तोंड उघडले. ओरडायचे होते. "घेऊन जा हिला," तो पुटपुटला, एखाद्याने मदत मागावी तसा. काळोख झाला.

परीक्षकांच्या अहवालात लिहून आले की प्रमुख अभिनेत्रीस अंतिम स्वगत न आठवल्याने परमोच्च बिंदू निसटला आणि प्रॉम्प्टिंग प्रेक्षागृहात ऐकू येत होते. पारितोषिक दुसरीकडे गेले. मी आक्षेपाचा मसुदा केला. या वेळी आधी वाचून दाखवायला गेलो.

त्यांनी तो ऐकून घेतला. "पाठवू नका."

"पण तुम्ही विसरला नव्हतात! मी स्वतः ऐकले आहे."

"तुम्ही ऐकलंत ना? मग झालं की."

"लोक म्हणतात विसरली."

"म्हणू द्यात. विसरली म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत." पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारले, "बापूंचा आवाज पोचला होता का हो शेवटच्या रांगेत?"

मी म्हणालो, मी विंगेत होतो, मला माहीत नाही. ते त्यांना पटले नसावे. मलाही ती जागा चुकल्यासारखे अजून वाटते.

बापूंना त्यांनी कधी दोष दिला नाही, आणि बापूंनी पुन्हा कधी प्रॉम्प्टिंग केले नाही. कमलताईंनीही त्यानंतर काम केले नाही. मुलांची नाटके बसवली, निवृत्त झाल्या. मी त्यांचे म्हणणे पाळले. त्या हयात असेपर्यंत एक ओळ लिहिली नाही. तो संयम त्यांच्यासाठी होता. त्यांच्या पश्चात एखाद्या उपसंपादकासाठी मी तो पाळणार नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या वर्षी, त्याच नाट्यगृहात. एका महाविद्यालयाने 'रुदनबंदी' केले. देवरे सर आता नाहीत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हट्टाने काढले. बाईचे काम करणारी मुलगी विशीतली, गळ्याला जोर असलेली. मी मधल्या रांगेत होतो. स्वगत आले आणि तिने ते खणखणीत म्हटले, सारे, शिक्क्यासहित मंजूर झालेले. मी मागे वळून पाहिले. का, ते सांगता येणार नाही.

शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, कमलताई बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मुलीचा शब्द न् शब्द तेथवर पोचत असला पाहिजे, कारण भिंतीवरून तो परत माझ्यापर्यंत येत होता. ताईंचे दोन्ही हात मांडीवर होते. स्वगत संपले. मुलगी दम घेत उभी राहिली. सेनापती झालेला मुलगा आपले वाक्य क्षणभर चुकला आणि त्या मोठ्या सभागृहात काहीच ऐकू येईनासे झाले.

तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला.

दिवे लागले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.